ताकवले शून्य

घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या उजव्या पायांखाली जुई ताकवलेने कागदाच्या घड्या सरकवल्या होत्या. आबा, म्हणजे तिचे वडील, रोज सकाळी केर काढताना त्या घड्या उचलून टाकत आणि जुई संध्याकाळी कामावरून आली की नव्या करून पुन्हा सरकवी. यावर दोघांत अवाक्षर होत नसे. आईच्या फोटोचंही तेच. जुई जाता-येता चौकट बोटानं नीट करी आणि तिची पाठ वळली की आबा ती पुन्हा होती तशी करत. फोटोतली आई बिचारी दिवसातून सहा वेळा डोलायची.

त्या सोमवारी सकाळी मात्र जुईला राहवलं नाही. ती पुढच्या दारात चप्पल घालत होती. तिथून आत बघितलं की डाव्या हाताला बैठकीची खोली, उजव्या हाताला स्वयंपाकघर आणि मधली भिंत थेट मागच्या दारापर्यंत गेलेली दिसे. एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी ती थांबली.

"आबा, भिंत परत कलायला लागली."

आबा चहा गाळत होते. त्यांचा हात जागच्या जागी राहिला. "कुठल्या अंगाला?"

"मागच्यासारखीच. स्वयंपाकघराकडं. फार नाही, पण कललीय."

आबांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. गाळणी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं. बघतो."

ते "बघतो" जुईच्या जिव्हारी लागलं. आठ महिन्यांपूर्वी याच भिंतीवरून तिने त्यांना नको ते बोलून दाखवलं होतं.

सर्जेराव ताकवले म्हणजे शिरवळच्या पंचक्रोशीतले नाव घेण्यासारखे गवंडी. आता गावोगाव घरं छापणारी यंत्रं फिरत होती. सकाळी यंत्र उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी भिंती तयार. तरी विहिरीचं बांधकाम असो की देवळाचा चौथरा, लोक सर्जेरावांचाच हात मागत. जुई लहान असताना नव्या फरशीवरून ते तिला डोळे मिटून अनवाणी चालायला लावायचे. "पाणी कुठं जाईल गं?" असं विचारायचे आणि ती बोट दाखवी तिकडेच पाणी जाई. "माझी पोर म्हणजे चालती पाणसळ हाय," असं ते चारचौघांत मिरवायचे. घर बांधायची वेळ आली तेव्हा जुईनं हट्टानं यंत्राला नाही म्हटलं. आबांच्याच हातचं घर हवं होतं तिला.

आणि मग मधली भिंत पूर्ण झाली त्या दिवशी ती पुढच्या दारात उभी राहिली आणि मजुरांच्या देखत म्हणाली, "आबा, ही भिंत ओळंब्यात नाही. तुमचा हात आता राहिला नाही पूर्वीचा."

दुसऱ्या दिवशी आबांनी भिंत उतरवली आणि जुईला दारात उभं करून, ती "अजून जरा, अजून, बास" म्हणेल तशी पुन्हा बांधली. नंतर थापी, रंधा, सपाटी जोखायची पाणसळ, भिंत सरळ उभी आहे का ते जोखायचा ओळंबा, सगळं एका पोत्यात भरून पोतं खाटेखाली सरकवलं. तेव्हापासून त्यांनी एक वीट उचलली नव्हती. उतरवलेल्या भिंतीच्या विटा मागच्या दाराला रचून ठेवल्या होत्या, त्यामुळे ते दारही बंदच होतं.

जुई स्कूटर काढून निघाली खरी, पण सबंध रस्ताभर तिला वाटत राहिलं की आपण कशावरून तरी घसरतो आहोत.

*

खंबाटकी घाटाच्या पायथ्याला 'नभांगण' नावाची बाग होती. पाळणे, घसरगुंड्या, भूतबंगला सगळं होतं, पण गर्दी व्हायची ती उडत्या नाट्यगृहाला. आत शिरलं की चौसष्ट खुर्च्यांच्या रांगा. पट्टे बांधले की पायाखालची जमीन मागे सरके, खुर्च्या वर उचलल्या जात आणि पाय लोंबकळत माणूस एका प्रचंड अर्धगोल पडद्यासमोर टांगला जाई. मग पडदा उजळे. कोकणकड्याच्या टोकावरून खाली झेप, लोणारच्या सरोवरावर एक गिरकी, कोयनेच्या पाण्यावरून जाताना तोंडावर तुषार आणि शेवटी समुद्राचा खारा वास. बारा मिनिटांनी माणसं उतरायची तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असत.

अशी नाट्यगृहं जगात पूर्वीपासून होती. त्या सगळ्यांची अडचण एकच होती. आपण सरळ आहोत की कललेले, हे मेंदू तीन साक्षीदारांना विचारून ठरवतो. डोळे, पायाचे तळवे आणि कान. कान म्हणजे ऐकण्याचा नव्हे. त्याच्याही आत, हाडाच्या पोकळीत, पाण्यानं भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात आणि शेजारी केसांसारख्या पेशींवर खडूच्या कणांचा एक थर असतो. डोकं कललं की कण सरकतात, पेशी वाकतात आणि मेंदूला खबर जाते. पडद्यानं डोळ्यांना फसवता येतं, पाय लोंबकळत ठेवले की तळवे गप्प बसतात, पण हा तिसरा साक्षीदार काही फुटत नाही. डोळे म्हणतात उडतोय, कान म्हणतो बसलोय, आणि या वादात माणसाला ओकारी येते.

डॉ. वसुधा निफाडकरांनी तो तिसरा साक्षीदार फोडला. कानांमागे दोन बोटं रुंदीची कर्णपट्टी लावायची आणि तिच्यातून अगदी क्षीण वीज सोडायची. तोलाची नस त्या विजेला भुलते आणि खुर्ची जागची हलली नाही तरी माणसाला वाटतं आपण डावीकडे झुकलो, उजवीकडे वळलो. मळमळ गेली आणि उरलं निखळ उडणं.

फक्त एक गोष्ट यंत्राला जमत नव्हती. खुर्ची सरळ आहे की नाही हे यंत्र मोजू शके. ती सरळ आहे असं माणसाला वाटतंय की नाही, हे कोण मोजणार? हवा दमट असली, पट्ट्या जुन्या झाल्या की वीज कमी-जास्त लागे. म्हणून रोज सकाळी बाग उघडण्याआधी एक कोरी फेरी होई. रिकाम्या नाट्यगृहात एकच माणूस बसे. खुर्ची यंत्रानं अचूक सरळ धरलेली असे आणि त्या माणसानं हातातली दांडी फिरवत विजेला अशा जागी आणायचं की त्याला सरळ वाटेल. ती जागा म्हणजे त्या दिवसाचं शून्य. मग दिवसभर सगळ्यांच्या पट्ट्या त्या शून्यावर चालत.

हे माणूस निवडायला चार हजार जणांची परीक्षा घेतली होती. इतरांना एका अंशाचा कल जेमतेम कळे तिथे जुईला पाव अंश कळला. गेली तीन वर्षं कोरी फेरी तिचीच.

त्या सोमवारीही खुर्च्यांचे पट्टे बांधणाऱ्या इक्बालभाईंनी तिला पहिल्या रांगेतल्या डाव्या टोकाच्या खुर्चीत बसवून पट्टा आवळला. ही पहिली खुर्ची मानाची. यंत्र बसलं त्या दसऱ्याला सगळ्या कामगारांनी मिळून हिलाच हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. तेव्हापासून कोरी फेरी इथूनच. दुसरीकडून सुरू करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

जमीन सरकली. पाय सुटले. पडद्यावर क्षितिजाची एक रेघ उमटली आणि जुईच्या छातीतली तगमग एकदम थांबली. हल्ली एवढीच जागा उरली होती जिथे तिला स्वस्थ वाटे. जमिनीवर तिचं बूड ठरत नसे. जेवताना ती तीनदा पाट बदलायची, फोनवर बोलताना खोलीभर फेऱ्या घालायची. इथे, अधांतरी, सगळं जागच्या जागी होतं. तिने दांडी किंचित डावीकडे नेली आणि म्हणाली, "लागलं शून्य."

खाली उतरली तर निफाडकर मॅडम हातात पेढ्यांचा खोका घेऊन उभ्या होत्या. एरवी ही बाई कामावर हसायचीसुद्धा नाही.

"अकरा शहरांतली नाट्यगृहं तयार झाली आहेत, जुई. प्रत्येक ठिकाणी तुझ्यासारखं माणूस कुठून आणायचं? शनिवारी तुझं शून्य कायमचं पक्कं करायचं आणि सगळीकडे पाठवायचं. नाव ठरलंय. ताकवले शून्य."

जुईला पहिल्यांदा आठवले ते आबा. चालती पाणसळ. निदान हे ऐकून तरी ते पुन्हा पूर्वीसारखे बोलतील, असं तिला वाटलं.

*

दुपारी इक्बालभाई बाहेर जायच्या उतारावर लोखंडी कठड्याला रंग लावत बसलेले दिसले.

"परत रंग? दिवाळीतच दिला होता की."

"डावीकडचाच गं पोरी. उजवीकडचा बघ, आहे तसा कोरा. हा मात्र तीन महिन्यांत घासून चकाकतो. लोक ह्यालाच धरून उतरत्यात."

"डाव्या हाताला सावली असते म्हणून."

"सकाळी सावली उजवीकडं असती की." इक्बालभाईंनी कुंचला डब्यात ठेवला. "आणि ते दोन स्टॉल बघ. डावीकडं उसाचा रस, उजवीकडं कोकम. कोकमवाल्यानं वास्तूवाला बोलावला, दार फिरवलं, लिंबू-मिरची टांगली, तरी माणूस काही तिकडं वळंना. मी म्हटलं, बाबा, लिंबानं काय हुतंय, लोकं बाहेर येत्यात तीच डावीकडं येत्यात."

जुई हसली. मग उताराच्या तोंडाशी उभी राहून माणसं न्याहाळू लागली. तिला तर ती सरळच चालताना दिसत होती. अगदी नाकासमोर. तरी त्यांचे हात एकामागून एक डाव्या कठड्यावर पडत होते आणि ओला रंग लागला की माणसं दचकून बघत होती.

"तुम्ही कधी बसलात हो आत?"

"मी? छ्या! मला साध्या पाळण्यात गरगरतं. हितं सगळे फुकट बसत्यात म्हणून मी बी बसायचं व्हय? मी आपला पट्टे आवळतो." मग जरा आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक सांगू? गाड्या आता स्वतःच चालत्यात, त्यांचं काय न्हाई. पण दुचाकीवाले गेटातनं निघाले की रस्त्याच्या डाव्या खडीत उतरत्यात. मागल्या आठवड्यात एक जोडपं पडलं. थोडक्यात वाचलं. आणि फुडं घाट हाय."

जुई स्टॉलकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. उरलेला दिवस तिने असाच येरझाऱ्यांत काढला.

*

पाच वाजता ती घरी पोचली तर पुढच्या दारात वाळूचा ढीग ओतलेला. आबा घामाघूम होऊन मागच्या अंगणात विटा हलवत होते. सकाळच्या "बघतो"चा अर्थ हा होता. भिंत तिसऱ्यांदा बांधायची तयारी.

"आबा, मी उतरवा म्हटलं नव्हतं."

"कलली म्हणलीस न्हवं? मागनं ये आत. दार मोकळं केलंय."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच जुई मागच्या दारातून घरात शिरली आणि उंबऱ्यातच थिजली. भिंत कलली होती. किंचित नाही, चांगली डोळ्यांत भरेल अशी. पण बैठकीकडे!

ती धावत अंगणाला वळसा घालून, वाळूच्या ढिगावरून चढून पुढच्या दारात गेली. तिथून भिंत स्वयंपाकघराकडे झुकलेली. पुन्हा मागे. बैठकीकडे. पुढून उजवीकडे आणि मागूनही उजवीकडेच. चार खेपा झाल्यावर ती धापा टाकत उभी राहिली. एकच भिंत दोन्ही अंगांना कलू शकत नाही, हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. भिंत कुठे का जाईना, उजवीकडे जात होतं ते बघणाऱ्याचं डोकं.

तिने खाटेखालचं पोतं ओढलं. ओळंबा काढला, दोरीचा गुंता सोडवला, स्टुलावर चढून लाकडी गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवला आणि वजनाची पितळी लोळी बैठकीच्या बाजूनं खाली सोडली. लोळी डोलली, डोलली आणि ठरली. माथ्याशी दोरी भिंतीपासून जेवढी दूर होती, त्याहून तळाशी चांगली दोन इंच दूर. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे पुढच्या दाराकडून बघताना जुईच्या डोळ्यांना भिंत जवळपास सरळ वाटत होती आणि दोरीच तिरपी.

"दोन इंच हाय," मागून आबा म्हणाले. "मोजू नकोस. मला ठाव हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बांधली तवाच ठाव हुतं."

"मग पहिली भिंत?"

"दोऱ्यागत सरळ हुती."

जुई स्टुलावरून उतरली. "आणि मी म्हटलं म्हणून तुम्ही वाकडी बांधलीत? मला बोलला का नाहीत? थोबाडीत का नाही मारलीत?"

आबा वाळूच्या हातांनी दाराच्या चौकटीला टेकले. "तू कधी चुकली न्हवतीस गं. लहानपणापास्नं न्हाई. मला वाटलं, पोरीला काय तरी हुतंय, आपण तोंडावर कशाला म्हणा. घरात ऱ्हायचं तुला. तुला जी सरळ वाटंल ती भिंत. म्हणलं बांधावी."

"आणि पोतं बांधून ठेवलंत ते मी हात राहिला नाही म्हटलं म्हणून ना?"

"छट्! बोलण्याचं काय." आबांनी मान हलवली. "जाणूनबुजून वाकडी भिंत बांधली मी. चाळीस वरसांत पयल्यांदा. मंग वळंब्याला कुठल्या तोंडानं हात लावू?"

जुई भिंतीशी बसली आणि लहान मुलीसारखी रडली. आबा शेजारी उकिडवे बसले, पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण हाताला वाळू होती.

रडं ओसरल्यावर तिचं डोकं चालू लागलं. मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळावरून लावायचं आणि भिंतीवरचं मनगटावरच्यावरून, असं तीन वर्षं चाललं होतं. ती काल लावलेल्या शून्याला सरावलेला कान घेऊन आज बसे आणि त्या कानानं आजचं शून्य लावी. केसभर चूक रोज केसभर वाढली होती. बाहेरच्या घड्याळाला कुणी विचारलंच नव्हतं.

तिला शनिवार आठवला. अकरा शहरं, अकरा दारांवर ताकवले हे नाव. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? हा विचार आला, आणि चांगला घटकाभर मुक्काम करून गेला, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मग तिला खडीत पडलेलं ते जोडपं आठवलं.

"आबा, उद्या माझ्याबरोबर कामावर याल?"

"त्या पाळण्यात? मी न्हाई बाबा. पाय भुईवर असलेले बरे."

"म्हणूनच या," जुई म्हणाली.

*

निफाडकर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "जुई, दर शुक्रवारी आम्ही बारा जण शून्य तपासतो. मी स्वतः बसते. बारापैकी एकालाही कल जाणवला नाही."

"ते बाराही जण रोज बसतात, मॅडम. माझ्याच शून्यावर. तुम्ही सगळे माझ्याबरोबर कललात."

मॅडमच्या टेबलाच्या उजव्या पायाखाली कागदाची एक घडी होती. जुईने ती बघितली, आणि जुईने बघितली हे मॅडमनीही बघितलं.

"चला," त्या उठत म्हणाल्या.

आबांनी चप्पल काढून खुर्चीला नमस्कार केला. इक्बालभाई त्यांना पहिल्या खुर्चीकडे नेऊ लागले तेव्हा मॅडम थबकल्या. त्या त्या खुर्चीशी गेल्या, बसल्या, पडद्याकडे बघितलं. मग मधल्या खुर्चीत बसून बघितलं. पुन्हा टोकाच्या.

"कोरी फेरी रोज इथून होते? या टोकाच्या खुर्चीतून?"

"मानाची खुर्ची हाय, म्याडम," इक्बालभाई म्हणाले. "दसऱ्यापास्नं."

"पडदा अर्धगोल आहे हो! मधून बघितलं तर क्षितिजाची रेघ आडवी दिसते. टोकावरून ती किंचित तिरकी दिसते. इतकी किंचित की…" त्यांनी कपाळाला हात लावला. "तीन वर्षं हिचे डोळे रोज हिच्या कानाला खोटं शिकवत होते. आणि मी हे कागदावर लिहून ठेवलं नाही, कारण कुणी टोकाला बसून शून्य लावेल असं मला वाटलंच नाही."

आबांना मधल्या खुर्चीत बसवलं. जमीन सरकली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या कानांमागे पट्ट्या होत्या आणि वीज जुईच्या शून्यावर.

"आबा, सरळ वाटतंय?" जुईने खालून विचारलं.

"छ्या! पार कललीया."

मॅडमनी दांडी हळूहळू फिरवली. आबा वर अंधारात डोळे मिटून बसले होते आणि भिंत चढवताना मजुराला सांगावं तसे सांगत होते. "अजून. अजून जरा. अंऽऽ, थोडी मागं. बास. आता वळंब्यात."

मॅडमनी आकडा वाचला. "सव्वा अंश."

"सहासष्ट वर्षांचा कान आहे," त्या म्हणाल्या. आवाजात जोर नव्हता. "एका माणसावरून मी शनिवार पुढे ढकलू शकत नाही."

"मग ज्यानं कधी इथं पाऊल टाकलं नाही असा कुणीही आणा."

इक्बालभाई बागेची गाडी घेऊन शिरवळच्या स्टँडवर गेले आणि भरून आले. एसटीचा कंडक्टर, दोन फुलवाल्या, एक शाळामास्तर, तालुक्याला निघालेला एक पैलवान आणि मिळतील ती आणखी, अशी अकरा माणसं. पैलवान वर गेल्यावर आईच्या नावानं ओरडला, पण आकडा त्यानंही तोच दिला. सगळे सव्वाच्या आसपास. अकराही जण एकाच अंगाला.

मॅडमनी सगळे आकडे एकाखाली एक लिहून काढले. "मी जर शनिवारी हे शून्य पक्कं केलं असतं ना…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. खिशातून फोन काढला आणि अकरा शहरांना एकेक करून कळवायला लागल्या.

*

उडतं नाट्यगृह चार महिने बंद राहिलं. उघडलं तेव्हा पद्धत बदलली होती. आता रोज सकाळी गेटावरून एक कधीही न बसलेलं माणूस निवडायचं, मधल्या खुर्चीत बसवायचं आणि त्याच्या कानानं शून्य लावायचं. ते माणूस निवडायचं काम जुईकडे आलं. डावा कठडा आता लवकर घासत नाही आणि कोकमवाला या सुधारणेचं सगळं श्रेय वास्तूवाल्याला देतो.

जुईला स्वतःला मात्र वर्षभर वर बसायची बंदी. डॉक्टर म्हणाले, कान हळूहळू परत येईल, घाई करू नका. रोज सकाळी कुणीतरी परकं माणूस पाय लोंबकळत वर जाई आणि जुई खाली उभी राहून बघे, तेव्हा तिला अगदी उचंबळून येई. तिची ती एकच स्वस्थ जागा होती. भुईवर तिला अजूनही घसरल्यासारखं होई. पण तिने घड्या करायचं सोडलं. आईच्या फोटोला बोट लावायचंही सोडलं. फोटो तिला वाकडा दिसे आणि ती तसाच बघे.

भिंत उतरवायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी आबांनी पोतं उघडलं, थापी पाण्यातून काढली, ओळंब्याची लोळी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि जुईला पुढच्या दारात उभं केलं, मागच्या वेळी उभी होती तिथेच.

संध्याकाळपर्यंत भिंत छातीइतकी चढली. आबांनी माल पसरला, वीट ठेवली, थापीच्या दांड्यानं दोनदा ठोकली आणि दोरी सोडून एक डोळा मिटला. मग मागे वळले.

"जुई, कशी दिसती गं?"

जुईने बघितलं. अंगातला कण न् कण सांगत होता की भिंत चाललीय, हात लावून सावर.

"वाकडी दिसती, आबा."

"कुठल्या अंगाला?"

"उजवीकडं."

"मंग बरोबर हाय," आबा म्हणाले आणि पुढच्या विटेसाठी त्यांनी तिच्याकडे हात केला.